तीन महिन्यांनी परत या

भोसरी एमआयडीसीच्या जी ब्लॉकमध्ये ७३ क्रमांकाच्या भूखंडावर एक संस्था आहे. आजूबाजूला सगळा लघुउद्योगांचा पसारा. सीएनसीवर जॉब काढणारी, शीटमेटल वाकवणारी, पिंपरी आणि चाकणच्या मोठ्या गाडी-कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं. शिफ्ट सुटली की रस्ता दुचाक्यांनी भरून जातो आणि त्या गर्दीतल्या बहुतेकांना या फाटकाआड काय चालतं याचा पत्ता नसतो. ऑक्टोबर १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, इथं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली. अलीकडे नाव बदललं आणि त्यात ‘ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी’ आलं, पण जुन्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं ‘नारी’ हेच नाव लोकांच्या तोंडी राहिलं आहे.

पुणे म्हटलं की विषाणूंच्या संदर्भात आधी आठवते ती एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं स्थापन झालेली, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू शोधणारी, कोविडच्या विषाणूचं पृथक्करण करून त्याचा वाण कोव्हॅक्सिनसाठी देणारी. दुसरी आठवते ती हडपसरची सीरम. त्यांचा मान त्यांना आहेच. पण विषाणूबद्दल माणसांशी कसं बोलावं, या प्रश्नाशी सर्वांत जास्त झुंज भोसरीतल्या या संस्थेनं आणि तिच्यासारखंच काम करणाऱ्या समुपदेशकांनी दिली, असं माझं ठाम मत आहे. त्या झुंजीतून आलेलं शहाणपण कोविडमध्ये आपण अर्धंच वापरलं. उरलेलं अर्धं कुठं सांडलं, ते शोधण्यासाठी हा लेख.

एप्रिल २०२० मध्ये देश घरात बसलेला होता. रोज दुपारी टीव्हीवर आणि मोबाइलवर सरकारी पत्रकार परिषद लागायची आणि आयसीएमआरच्या वतीनं एक मराठी डॉक्टर शांतपणे हिंदीत बोलायचे. डॉ. रमण गंगाखेडकर. ते आयसीएमआरच्या साथरोग विभागाचे प्रमुख होते आणि दिल्लीला जाण्याआधीची त्यांची बरीचशी कारकीर्द भोसरीच्या नारीत गेली होती. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते निवृत्त झाल्यावर त्या पदावर आले डॉ. समीरन पांडा, तेही नारीचे संचालक. देशावर साथ आली तेव्हा लोकांसमोर उभं राहायला एड्सवाले लागले, हा मला योगायोग वाटत नाही.

२१ एप्रिलचा दिवस घ्या. चीनहून आणलेले अँटिबॉडी चाचणीचे किट राज्यांना वाटून झाले होते. राजस्थाननं तक्रार केली. त्या दिवशी गंगाखेडकरांनी सगळ्या देशासमोर सांगितलं की पीसीआरनं बाधित ठरलेल्या नमुन्यांवर हे किट वापरले तेव्हा निकाल ६ टक्क्यांपासून ७१ टक्क्यांपर्यंत काहीही येतो आहे. ही तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आजार नवा आहे, चाचणीही पहिल्या पिढीची आहे. राज्यांनी दोन दिवस हे किट वापरू नयेत, आमची पथकं प्रत्यक्ष जाऊन तपासतील, मग सांगू. पुढच्या आठवड्यात ते किट परत पाठवायच्या सूचना निघाल्या.

त्या निवेदनाची घडण नीट पाहण्यासारखी आहे. काय कळलं ते आकड्यांसकट सांगितलं. काय कळलं नाही ते लपवलं नाही. तोवर काय करायचं ते सांगितलं आणि परत कधी बोलू त्याची मुदत दिली. मला कोविडच्या सगळ्या काळातलं हे सर्वांत उपयोगी सरकारी बोलणं वाटतं. ही घडण ऐनवेळी सुचत नाही, ती अंगवळणी पडलेली असावी लागते. ती कुठं पडली, हे पाहायचं तर तीस वर्षं मागं जावं लागेल.

*

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ मध्ये चेन्नईत मिळाला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. नव्वदच्या दशकात मुंबई आणि पुणे या साथीची मोठी केंद्रं झाली. मालवाहतुकीचे ट्रक, घरापासून लांब राहणारे कामगार, बुधवार पेठ, आणि एचआयव्ही म्हणजे मरण ही एकच ठाऊक असलेली गोष्ट. सरकारी केंद्रांमधून विषाणूला आवरणारी एआरटी औषधं मोफत मिळायला लागली ती १ एप्रिल २००४ पासून. म्हणजे त्याआधीची दहा-बारा वर्षं नारीतल्या डॉक्टरांकडे किंवा १९९४ मध्ये पुण्यात काम सुरू केलेल्या डॉ. विनय कुलकर्णी आणि संजीवनी कुलकर्णी यांच्या ‘प्रयास’कडे, समोर बसलेल्या बहुतेकांना परवडेल असं औषध नव्हतं. होतं ते बोलणं. ते चुकलं तर माणूस परत यायचा नाही, घरी बायकोला सांगायचा नाही, कधी जीवही द्यायचा.

त्या काळात घडत गेलेली आणि आज कुठल्याही सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात पाहायला मिळणारी पद्धत बारकाईनं सांगतो. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातही असं केंद्र आहे. एक छोटी खोली, दार लावता येईल अशी. टेबलावर एक नोंदवही, पुरुष-स्त्री शरीराचे चित्रतक्ते, निरोधचं पाकीट आणि प्रात्यक्षिकासाठी लाकडी नमुना. समुपदेशक आधी विचारतो, सांगत नाही. चाचणी कशासाठी करायची वाटते? काय ऐकलंय याबद्दल? होकारार्थी निघालं तर घरी कुणाला सांगाल? मग संमतीची सही. मग शेजारच्या खोलीत रक्त. पहिल्या किटवर रेघ उमटली तर लगेच निदान लिहायचं नाही. वेगळ्या बनावटीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या किटवर तोच नमुना तपासायचा. तिन्हींचं जुळलं तरच निकाल. आणि निकाल दाराबाहेर हाका मारून नाही, पुन्हा त्याच खोलीत, दार लावून. गोपनीयता आणि संमती हे दोन्ही आता २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंधनकारक आहेत, पण पद्धत कायद्याच्या कितीतरी आधीपासूनची.

खरी कसोटी निकाल नकारार्थी आल्यावर लागते. समोरचा माणूस सुटकेचा श्वास टाकून उठायला लागतो आणि समुपदेशकाला त्याला पुन्हा बसवावं लागतं. कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून त्याविरुद्धच्या अँटिबॉडी चाचणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. या मधल्या काळात माणूस बाधित असू शकतो, दुसऱ्याला लागण देऊ शकतो, आणि तरी किटवर दुसरी रेघ उमटत नाही. म्हणून सांगायचं असतं: आज काही दिसलं नाही. पण गेल्या काही आठवड्यांत धोका घेतला असेल तर आजच्या कागदावर विसंबू नका. तोवर निरोध वापरा. तीन महिन्यांनी परत या.

शिकलेल्या माणसालाही हे पचवणं जड जातं. ‘आहे’ किंवा ‘नाही’ ऐकायला आलेल्याला ‘आज नाही, पण’ सांगायचं. चाकणच्या एखाद्या कंपनीत कंत्राटावर लागलेल्या, खोलीत सहा जणांबरोबर राहणाऱ्या, सुट्टीचा पगार न मिळणाऱ्या मुलाला सांगायचं की अजून एकदा सुट्टी काढ. तरी ही माणसं परत येतात. येतात कारण त्यांना अनिश्चितता नुसती ऐकवलेली नसते; तिच्याबरोबर एक कृती आणि एक तारीख दिलेली असते. विषाणूशास्त्र लोकांपर्यंत नेण्याचं सगळं कसब मला या एका वाक्यात दिसतं.

याच संस्थेनं देशाला एक फार अवघड गोष्टही सांगितली. १९९७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. त्यांतल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला, आणि तो त्यांचा नवरा. त्या वेळी भिंतींवर काय लिहिलेलं असायचं? जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, एड्स टाळा. या बायका एकनिष्ठच होत्या. संदेशात शास्त्रीयदृष्ट्या खोट काढता आली नसती, पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्या तो काडीच्या उपयोगाचा नव्हता, कारण वाचणाऱ्या बाईच्या हातात काय आहे हा प्रश्न तो लिहिणाऱ्याला पडलाच नव्हता. आरोग्याचा प्रत्येक संदेश लिहिणाऱ्यानं ही आकडेवारी टेबलाच्या काचेखाली ठेवावी.

मग आली लस. ७ फेब्रुवारी २००५ रोजी नारीत भारतातल्या पहिल्या एचआयव्ही लसीची मानवी चाचणी सुरू झाली. ३० स्वयंसेवक, धडधाकट, लागण नसलेले. लसीत एचआयव्ही नव्हता. माणसाला आजारी न पाडणाऱ्या एका दुसऱ्या विषाणूच्या कवचात एचआयव्हीची काही जनुकं बसवलेली होती, तीही भारतात जास्त आढळणाऱ्या सी उपप्रकाराची. ‘लस घेतली तर एड्स होईल का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं स्वच्छ देता येत होतं. पण अशा चाचण्यांत आणखी एक गोष्ट सांगावी लागते आणि ती सहीच्या आधी सांगावी लागते. लसीमुळं शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या तर नेहमीच्या एचआयव्ही चाचणीत तुम्ही बाधित नसताना बाधित दिसू शकता. परदेशातली नोकरी, विमा, रक्तदान, ठरत आलेलं लग्न, कुठंही हे आडवं येऊ शकतं. हे ऐकून कुणी उठून गेला तर त्याला जाऊ द्यायचं असतं.

ती लस सुरक्षित ठरली, पण तिनं पुरेशी प्रतिकारशक्ती जागी केली नाही. ती पुढं गेली नाही. एचआयव्हीवर आजही लस नाही. पण २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या ज्या अभ्यासानं जगाला दाखवलं की बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, त्यात पुण्याची नारीही होती. ती जोडपी वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली. बंद दाराआड कमावलेल्या विश्वासाचा याहून मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

*

पिंपरीला औषधांचा इतिहास आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरची एचए कंपनी, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ मध्ये उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. हाफकिनच्या पिंपरीतल्या केंद्रात घोडे पाळून सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होतं. या गावातल्या जुन्या माणसांना इंजेक्शनची भीती कमी आणि श्रद्धा जास्त. गैरसमजाचं मूळही त्यातच आहे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. विषाणूला भिंत नसते, स्वतःचा कारभारही नसतो. तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरून आपल्या प्रती काढतो. म्हणून सर्दी-फ्लूला अँटिबायोटिक देणं व्यर्थ. तरी २०२० मध्ये मेडिकलच्या दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या घरोघर गेल्या. एवढी साधी गोष्ट सत्तर वर्षांत आपण शाळेच्या पुस्तकाबाहेर काढू शकलो नाही.

चिंचवडगावात तर या विषयाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कठोर धडा आहे. चापेकर बंधू इथले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, वॉल्टर रँड प्लेग समितीचा अध्यक्ष झाला आणि सोल्जर घरात घुसून माणसांना बाहेर काढू लागले. देवघर पाहिलं नाही, बायकांचा मान पाहिला नाही. २२ जूनला गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, तिन्ही भावांना फाशी झाली. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनं गेल्या. रुग्णांना दवाखान्यात नेण्याचं काम दोन्हीकडे चाललं होतं. एकीकडे बंदुकीच्या धाकानं, दुसरीकडे हातांनी उचलून.

त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. लगेच घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली. दारांवर फलक लागले. सुरुवातीच्या रुग्णांची ओळख मोबाइलवरून गावभर झाली. ज्या जिल्ह्यात तीस वर्षं एचआयव्हीचा निकाल दार लावून सांगितला जातो, त्याच जिल्ह्यात हे घडलं. परिणाम व्हायचा तोच झाला. लक्षणं असलेली माणसं चाचणी टाळू लागली, कारण चाचणी म्हणजे शेजाऱ्यांसमोर अँब्युलन्स. वायसीएमनं आणि नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर उभारलेल्या जम्बो रुग्णालयानं किती माणसं वाचवली हे मला ठाऊक आहे, त्या डॉक्टर-परिचारिकांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण उशिरा आलेल्या रुग्णांतले कितीतरी भीतीनं उशिरा आले होते, आणि ती भीती विषाणूची नव्हती.

*

आता मोबाइलकडे येऊ. फेब्रुवारी २०२० मध्ये, राज्यात कोरोनाचा एकही रुग्ण नसताना, कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. सोबत आजारी कोंबड्यांची छायाचित्रं. ब्रॉयलरचे दर उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली कोसळले. शेडमधले पक्षी खाद्याला महाग झाले. कुठं फुकट वाटले, कुठं खड्डे करून पुरले. पशुसंवर्धन विभागानं खुलासे केले, ते ऐकायला कुणी थांबलं नाही. ती अफवा निखालस खोटी होती.

पाच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढं गेला, पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. आणि पुन्हा कोंबडीचा संदेश फिरला. या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. एनआयव्हीनं तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले होते, आणि कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात खरोखर राहतो. तो माणसाच्या पोटात गेल्यावर प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढताना क्वचित आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. म्हणजे संदेशात एक सत्याचा कण होता. संशयाचा मुख्य रोख दूषित पाण्यावर होता. नीट शिजवलेल्या कोंबडीपासून धोका नाही, कच्च्या-अर्धकच्च्या मांसापासून आणि न उकळलेल्या पाण्यापासून आहे.

२०२० सारखंच ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढंच म्हणणारे लोक इथं तोंडघशी पडले, कारण अर्ध्या तासात कुणीतरी कॅम्पिलोबॅक्टर आणि कोंबडी यांचा संबंध दाखवणारा खरा लेख पाठवत होतं. अफवा दोन जातींच्या असतात. निखालस खोट्या, आणि खऱ्याच्या तुकड्यावर उभ्या असलेल्या. पहिल्या जातीची पाठ मोडायला प्रात्यक्षिक लागतं: जून २०२१ मध्ये नाशिकला लस घेतल्यावर अंगाला चमचे-नाणी चिकटतात असा गवगवा झाला, तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी घामाचा आणि त्वचेच्या चिकटपणाचा खुलासा लोकांसमोर मांडला. दुसऱ्या जातीला मात्र आधी खऱ्या तुकड्याची कबुली द्यावी लागते. ‘हो, कोंबडीत हा जिवाणू असतो. म्हणूनच शिजवून खा, पाणी उकळा, हातापायांत मुंग्या आणि अशक्तपणा आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.’ असा संदेश कापून अर्धा करता येत नाही.

खऱ्या तुकड्याची कबुली वेळेवर न दिल्याची किंमत आपण कोव्हिशिल्डच्या बाबतीत मोजली. ती मोजायला नको होती, कारण माहिती सगळी हाताशी होती. एप्रिल २०२१ मध्येच युरोपच्या औषध नियामकानं जाहीर केलं होतं की अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर, म्हणजे आपल्याकडच्या कोव्हिशिल्डनंतर, फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट घटण्याचा आजार होऊ शकतो. १७ मे २०२१ रोजी आपल्या केंद्र सरकारच्या समितीनंही सांगितलं: गुठळीचे २६ संभाव्य रुग्ण, दहा लाख डोसमागं ०.६१. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप, छातीत दुखणं, तीव्र डोकेदुखी, पाय सुजणं असं काही झालं तर लगेच दाखवा, अशी सूचनाही निघाली. निघाली, पण ती सरकारी पत्रकात राहिली. लस टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवलेल्या माणसासमोरच्या भिंतीवर ती मराठीत मोठ्या अक्षरांत लावायला हवी होती. तीन वर्षांनी, एप्रिल २०२४ च्या अखेरीस, कंपनीनं ब्रिटनच्या न्यायालयात हा दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली आणि मराठी मोबाइलवर ती ‘अखेर गुन्हा कबूल’ अशी पोचली. ज्यांचा तरुण नातेवाईक मधल्या काळात हृदयविकारानं गेला होता, त्या घरांत या बातमीनं काय केलं ते मी पाहिलं आहे. त्या लसीनं वाचवलेले जीव तिनं घेतलेल्या जिवांच्या तुलनेत अफाट आहेत. पण त्या घरात बसून हे वाक्य बोलता येत नाही. ते २०२१ मध्ये, सुई टोचण्याआधी बोलायचं होतं.

दोन डोसमधल्या अंतराचंही असंच झालं. आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, १३ मे रोजी थेट बारा ते सोळा. नेमका त्याच आठवड्यात साठा संपल्यानं महाराष्ट्रात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचं लसीकरण थांबवलेलं. लोकांनी सरळ हिशेब मांडला: लस नाही म्हणून अंतर वाढवलं. वास्तविक अंतर बारा आठवडे ठेवलं तर ही लस जास्त परिणामकारक ठरते, सहा आठवड्यांच्या आत दिली तर ५५ टक्के आणि बारा आठवड्यांनंतर दिली तर ८१ टक्के, असा ‘लॅन्सेट’मधला निबंध फेब्रुवारीपासून जगासमोर होता. मार्चमध्ये कुणी मराठीत सांगितलं असतं की ‘अभ्यास चालू आहे, अंतर वाढू शकतं, मेच्या मध्यात कळवू’, तर मेमधला निर्णय फसवणूक वाटला नसता.

या सगळ्यात चाकणचा कामगार कुठं होता? एप्रिल २०२१ मध्ये कामाच्या ठिकाणी लस द्यायला परवानगी मिळाली ती पंचेचाळीस वर्षांवरच्यांना. चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभी असतात ती पंचविशीतली पोरं. त्यांची पाळी १ मेला आली, तीही लस नोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर वेळ मिळाली तर. कोविन सुरुवातीला इंग्रजीत होतं. मराठीसह भारतीय भाषा आल्या त्या जूनमध्ये. तोवर पुण्यातले वेगवान इंटरनेटवाले लोक ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावून गाड्या घेऊन येत होते आणि त्या गावचे लोक रांगेबाहेर उभे राहून बघत होते. बीडचा, यवतमाळचा, आझमगडचा कामगार मराठी-हिंदीत विचार करतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश पाठवतो. अफवा त्याला त्याच्या भाषेत, ओळखीच्या आवाजात मिळाली. लशीचा रस्ता मात्र परक्या भाषेतल्या फॉर्ममधून जात होता. मग पुढं प्रमाणपत्राशिवाय गेटवर घेईनात, तेव्हा लस घेतली गेली. पटल्यामुळं नव्हे, हजेरीसाठी. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ रोजी सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. भाग पाडून घेतलेल्या लसीनं अँटिबॉडी तयार होतात, पुढच्या लसीवरचा विश्वास तयार होत नाही.

शास्त्र सामान्य माणसाच्या हातात सोपवता येत नाही असं कुणी म्हणालं, तर मी त्याला पोलिओच्या बाटलीवरचं लेबल दाखवीन. त्यावर जांभळट रंगाचं एक वर्तुळ असतं आणि वर्तुळात फिका चौकोन. बाटलीला जसजशी उष्णता लागत जाते तसतसा चौकोन गडद होतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरा. दोघांचा रंग सारखा झाला तर टाकून द्या. शीतसाखळी तुटली की नाही हे गुंतागुंतीचं रसायनशास्त्र, आणि ते चाकणच्या वीटभट्टीवर डोस पाजायला गेलेली आशाताई एका नजरेत वाचते. भट्टीवरच्या आईलाही दाखवू शकते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला. भट्ट्या, बांधकामं, पालं अशा ठिकाणी फिरणाऱ्या त्या बायकांनी हे घडवलं आणि त्यांच्याकडे कुठलं अ‍ॅप नव्हतं.

माणसांना आकडे कळत नाहीत हे खरं नाही. तीन शिफ्टमध्ये मायक्रोमीटरवर काम करणाऱ्या पट्ट्यात तर ते मुळीच खरं नाही. इथल्या कामगाराला टॉलरन्स म्हणजे काय ते ठाऊक असतं, शंभरात किती जॉब रिजेक्ट झाले तर लॉट परत येतो हेही. त्याला दहा लाखांत एक म्हणजे किती ते सांगा, पण आधी सांगा, त्याच्या भाषेत सांगा, आणि पुढं काय करायचं ते सांगा.

हे सांगणारी प्रशिक्षित माणसं आपल्याकडे आहेत. एचआयव्हीच्या केंद्रांमधले समुपदेशक आणि तंत्रज्ञ हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांच्याइतका लोकांच्या शंकांशी रोज समोरासमोर भिडणारा दुसरा वर्ग आरोग्यखात्यात नाही. यातले बहुसंख्य आजही कंत्राटी आहेत. कोविडमध्ये यांचं खरं कसब वापरायला हवं होतं: लस केंद्रावर टेबल टाकून त्यांना बसवायचं, शंका ऐकून घ्यायच्या, मोबाइलवर मराठी-हिंदी आवाजी उत्तरं त्यांच्याच तोंडून पाठवायची. पुढची साथ यायच्या आत पिंपरी-चिंचवड महापालिकेनं आणि चाकण नगरपरिषदेनं हे करून ठेवावं. लसींच्या दुष्परिणामांची नोंद दर महिन्याला मराठीत, वॉर्डाच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावावी, आकडा शून्य असला तरी लावावी. आणि राज्य सरकारनं या समुपदेशकांना कायम करावं. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.